कवितांमधली झोपलेली बाई

पिवळ्या कागदाची ती जीभ पानातून पेरभर बाहेर आली होती, आणि ती एकटी नव्हती... संग्रहाच्या कडेला अशा कितीतरी जिभा, चिकटवलेल्या, कोपऱ्यात दुमडलेल्या. बाईंनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला तशा त्या फरफरल्या. खुणांनी भरलेली पुस्तकं बाईंना नवीन नव्हती, त्यांची स्वतःची तर एकजात तशीच. पण या कविता त्याच्या होत्या – वर्षापूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या – आणि आतल्या खोलीतली त्यांची स्वतःची प्रत अजून कोरी होती, पेन्सिलीची एक रेघसुद्धा नसलेली.

"पुढे वाचू ना, बाई?"

खुणांची ही प्रत जिची, ती मुंगी समोर कागद धरून बसली होती. हे नाव बाईंनीच ठेवलेलं, तिच्या बारीक अक्षरावरून; विभागात मग सगळेच तिला मुंगी म्हणू लागले. निवृत्तीआधीची शेवटची विद्यार्थिनी. प्रबंध उद्या द्यायचा होता, आणि हे एकच प्रकरण तिने अडवून धरलं होतं. बाई नको म्हणाल्या तर काढून टाकीन, असं दारातच सांगून ती आत आली होती.

"वाच."

"या कवितांतली 'तू' कधीही जागी नसते," मुंगी वाचू लागली. "ती झोपलेली असते, नाहीतर पाठमोरी. तिने डोळे उघडले की कविता संपते. कविता जिला सोबत म्हणते, ती सोबत टाळूनच लिहिली गेली आहे. प्रेमाचा हा सगळा उच्चार उभा आहे तो जिच्यावर प्रेम आहे तिच्या गप्प असण्यावर."

वा! – बाईंच्या मनात आधी आलं ते हेच. वाक्यांत कुठे चरबी नाही, पुरावा ओळीतूनच काढलेला. ही पद्धत त्यांनीच आणली होती विभागात, तरुण होत्या तेव्हा. त्याआधी समीक्षा म्हणजे कवीच्या अंतःकरणाशी एकरूप होणं, डोळे पाणावणं, शेवटी दोन शब्द कौतुकाचे. बाईंनी फळ्यावर 'विरचना' – कविता उसवून वाचणं – असं लिहिलं तेव्हा मागच्या बाकावर ज्येष्ठ प्राध्यापक हसले होते. दहा वर्षांनी तेच आपल्या लेखांतून 'अंतःकरण' खोडत बसले. कविता स्वतःबद्दल जे सांगते त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवू नका, बाई वर्गात सांगत. ती कोणाला उजेडात उभं करते नि कोणाला दाराआड, ते बघा, आणि दाराआडच्या माणसावाचून उजेडातला उभा राहू शकतो का ते बघा... मुंगीने बघितलं होतं. बघून दार उघडलं होतं. आणि दाराआड मी.

मग उशिरा त्यांनी हातातलं पुस्तक मिटून मांडीवर पालथं ठेवलं.

"चहा घ्या गं दोघी," नणंद ट्रे घेऊन आली. भाऊ गेल्यापासून ती इथेच राहत होती – वहिनीला सोबत म्हणून, असं ती म्हणे. वहिनीची समजूत उलट होती. "काय चाललंय? माझ्या भावाची चिरफाडच ना?"

"आत्या, तसं नाही हो..." मुंगी गडबडली.

"मला काय कळतंय त्यातलं! तो गेला, सुटला असं वाटलं होतं. पण मास्तरणीच्या घरात मेल्यावरसुद्धा परीक्षा चुकत नाही बघ." ती मुंगीच्या हातात कप देत म्हणाली, "पास केलंस की नाही त्याला, तेवढं सांग म्हणजे झालं."

बाई हसल्या. त्यालाही हे आवडलं असतं. त्याची चेष्टा याच वळणाची – तुझ्यासमोर कविता ठेवणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवणं, म्हणायचा. छापून आल्यावर काय सोलायचं ते सोल. पण बाईंनी सोललं नव्हतं. बायकोने नवऱ्यावर लिहू नये, हे बाहेर सांगायचं कारण, आतलं वेगळं. सगळं आयुष्य शब्दांवर संशय घेण्यात घालवलेल्या माणसालाही एक जागा लागते, जिथे तो हत्यारं उंबऱ्याबाहेर ठेवून आत जातो. त्याच्या कविता ही तशी जागा होती. गेलं वर्षभर त्या रोज जाऊन येत होत्या तिथे. कपाटातले कपडे आता त्याचे वाटत नव्हते, फोटोतला चेहरा फोटोचाच वाटू लागला होता. पण 'तू' असं छापलेलं दिसलं की वाटे, आत्ता, या खोलीतून हाक आली.

"पण तो पहाटे..." बाई बोलू लागल्या.

मुंगीने पेन उघडलं.

"काही नाही."

काय सांगणार होत्या? कवीच्या घरातली साक्ष इथे चालत नाही, हा नियम त्यांचाच. एका मुलाने कवीच्या भावाची मुलाखत पुरावा म्हणून जोडली होती, तर त्यांनी भर वर्गात ती पानं वेगळी काढून त्याच्या हातात दिली होती. आता नियम नवऱ्यासाठी वाकवायचा... मुंगी वाकूही देईल. आदराने लिहून घेईल, तळटीप देईल. त्या तळटिपेपेक्षा नकार बरा.

पण तो पहाटे उठायचा. दिवा लावायचा नाही. टेबल खिडकीशी, बाहेरच्या खांबाचा उजेड कागदावर येई तेवढा त्याला पुरे. पलंग चार हातांवर. खुर्ची उचलून मागे घ्यायचा, ओढायचा नाही, की मला जाग येऊ नये... आणि मी जागी असायचे. नेहमी. त्याचे पाय जमिनीला टेकायचे तेव्हाच मला जाग यायची, पण मी डोळे उघडत नसे, कूस बदलत नसे, हाताला मुंग्या आल्या तरी. तो शाई भरायचा, टोपण काढायचा, मग ते खरखरणं, थांबायचं, परत सुरू. लग्नानंतर एकदाच मी 'काय लिहितोस?' म्हणून विचारलं होतं, तर तो हसून म्हणाला होता, 'तू बोललीस की ती पळते बघ,' आणि कागद ठेवून माझ्याशी गप्पा मारत बसला. त्या दिवसाची कविता झालीच नाही. मग मी झोपू लागले. डोळे मिटून, श्वास लांब सोडत, त्याचं लिहून होईपर्यंत. माझंही काम होतं ते. त्या कवितांतली झोप मी केलेली आहे...

हे मुंगीच्या प्रकरणात कुठेच नव्हतं. कवितेतही नव्हतं. असणार कुठून – आम्हा दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

"बाई," मुंगी हळूच म्हणाली, "तुम्हाला त्रास होत असेल तर मी खरंच काढते. एक प्रकरण गेल्याने प्रबंध पडत नाही."

"चांगलं आहे ते. राहू दे."

"मी तुमच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, बाई. ती फक्त कवितेतली 'तू' आहे. ती तुम्ही नाही."

पोरीने धीर द्यायला म्हटलं होतं. अचूक म्हटलं होतं. आणि तेच एक वाक्य, सबंध दुपारभरात, बाईंना सोसवलं नाही. त्या चष्मा पुसत बसल्या, तो स्वच्छ होता तरी.

"दे जा उद्या," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बदलू नकोस."

मुंगी वाकून कागद गोळा करू लागली. तिला दारापर्यंत पोचवून नणंद परत आली आणि कप उचलता उचलता थांबली. "वहिनी, पास झाला का गं तो?"

"झाला."

"मग अशी काय बसलीस? तोंड कसं झालंय तुझं..."

नणंद आत गेली; नळ सुटला, भांडी वाजली. त्याच्या पेनाच्या खरखरण्यात मध्ये जी थांबायची जागा येई, तिच्याशी बाई बसल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं, शब्द अडलाय. पण तो तेव्हा मान वळवून बघत असेल तर? मिटलेली पापणी जागी असली की किंचित हलते. इतकं बारीक बघणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल? दिसलं असेल तर तोही न बोलता रोज लिहीत राहिला, जागीला झोपलेली म्हणत, दोघांनी मिळून... आणि दिसलं नसेल तर चार हातांवर तो एकटाच होता, आणि मीही. दोन्ही खरं असू शकत होतं. कविता उघडून कळणार नव्हतं. तिथे तर आता दुसरीच कुणी झोपलेली होती.

वर्षभर त्याने बोलावं म्हणून त्या पानं उलटत होत्या. आत्ता, या उतरत्या उन्हात, त्याचा आवाज त्यांना नकोच होता. त्याने ऐकावं असं वाटत होतं, एकच वाक्य – मी जागी होते – इतकं साधं की वर्गात त्यावर कोणी मिनिटभरही थांबलं नसतं. ओठांपर्यंत आलं; आणि कुठे वळून म्हणायचं ते बाईंना कळेना.