विहिरीवरचा ब्लॉक

दोन्ही ब्लॉक बघून झाले, तरी कमळाचं मन काही ठरेना.

पहिला मारुती मंदिराच्या पुढे, नव्याकोऱ्या इमारतीत. भिंतींचा ओला वास अजून गेलेला नव्हता, घराघरात नळ, गच्चीवर टाकी. शेजारी कोण येणार ते बिल्डरलाही ठाऊक नाही. कमळाने नळ सोडला, बंद केला, परत सोडला. तिचा नवरा काशीराम हसला. "अगो, नळाला पानी येनारच!" तिचा मात्र त्या नळापासून पाय निघेना.

दुसरा मांडवीत, समुद्राच्या अंगाला, जुन्या जांभ्या चिऱ्याच्या दुमजली इमारतीत. काशीरामचा जीव जडला तो ह्याच्यावर. कचेरी पायी जाण्यासारखी, लेकीची, यशूची, शाळा हाकेच्या अंतरावर, भिंती हातभर जाड. नळाचं पाणी मात्र नावापुरतं. सगळी इमारत अंगणातल्या विहिरीवर जगायची, आणि ती विहीर दिसताच कमळा फाटकाशीच थांबली होती.

सात वर्षांची असताना तिने गावच्या विहिरीच्या कठड्यावर हात टेकला होता, एवढंच. वाकून पाण्यात आपलं तोंड बघायचं होतं. मागून दगड आला तो आईच्या खांद्याला लागला. विहीर बाटवली म्हणून माणसं ओरडायला लागली, आणि आई दगड मारणाऱ्यांचीच माफी मागत राहिली. कमळाला तो दगड आठवत नाही, आईचे जोडलेले हात आठवतात. पुढे सगळ्या वाडीने धम्म घेतला, लग्न झालं, नवरा कारकून झाला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. रहाट वाजला की तिचे तळहात मात्र अजून घामाने ओले व्हायचे. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो सभा गाजवणारा माणूस, भीती कशी सोडावी ह्यावर तासभर बोलला असता.

तिघं अंगणात उतरली तशा तळमजल्यावरच्या साळवीकाकू आपल्या विहिरीचं कौतुक सांगायला हौसेने बाहेर आल्या. "मांडवीत हाय म्हणून खारट समजू नका हो. काढून बघा एक बादली!"

"काढ गो," काशीराम म्हणाला.

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कमळा पुढे झाली. बादली खाली गेली, बुडाली, दोर ताणला. तेवढ्यात काकूंनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

बादली अर्ध्यावर लोंबकळत राहिली. कमळाने काशीरामकडे पाहिलं. सभा गाजवणारा माणूस गप्प होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणजे हाही भितो! इतक्या वर्षांत तिला हे आज कळलं, आणि ती आणखीच घाबरली.

"कांबळे," शेवटी तीच म्हणाली. आवाज आईसारखा निघाला.

"हो काय," काकू म्हणाल्या. बादली धरायला पुढे केलेला हात त्यांनी पदराला पुसला आणि मागे घेतला. वरच्या गॅलरीतून कोणीतरी डोकावलं.

"चल," काशीराम हलक्या आवाजात म्हणाला. "नवाच घेऊया. थंय नळ हाय."

कमळाने कशीबशी बादली कठड्यावर आणली. सहा वर्षांची यशू पुढे धावली, ओंजळीने पाणी प्याली आणि कठड्यावर पोट टेकून खाली वाकली. "आई, मी दिसत्येय खाली! तू पण बघ ना!"

कमळा दचकून मागे वळली. दगड यायचा तो मागूनच येतो. मागे फक्त काकू उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. इथून आता पळालो तर आज ना उद्या पोर विचारणार, ती विहीर का नको होती? मग आईने न बोलता आपल्याला दिलेली भीती आपण हिला द्यायची.

"हाच घेऊया," ती म्हणाली.

"कमळा, नीट इचार कर."

"केला." ती काकूंकडे वळली. "काकू, सकाळी पानी कधी भरता तुम्ही सगळ्या?"

काकूंनी गॅलरीकडे पाहिलं, मग यशूकडे.

"उजाडताना," त्या म्हणाल्या.

"मीपन तेव्हाच येईन."

विहिरीत बघायचं तर सगळ्यांकडे पाठ करावी लागणार होती. ती तिने केली आणि कठड्यावर वाकली. खोल खाली, पाण्यात, यशूच्या तोंडाशेजारी तिचं तोंड आलं.