पाहणीच्या दिवसाची चादर

पांढरी चादर. घडीच्या रेघा अजून उठून दिसणारी.

नर्सबाईंनी मांजर कधीच पाळलं नाही. मांजराच्या केसांनी त्यांना शिंका येतात.

‘ग्रामीण आरोग्य सुधारणा, निधी व व्यवस्थापन कायदा.’ एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं.

सुताराचा पाना गंजलेला होता, पण नट सुटायला वेळ लागला नाही.

“अगं ताई, तू फक्त खोली आरशासारखी ठेव. बाकी माझ्यावर सोड.”

हे शेवटचं बोलणं नर्सबाईंच्या धाकट्या भावाचं. तिथूनच धरू.

हा भाऊ राजधानीत, कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या कचेरीत होता. आई गेली तेव्हा तो कडेवरचा; बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. गावात त्याचा विषय निघाला की बाईंची मान आपोआप ताठ व्हायची. आता नवा कायदा येणार होता. खेड्यातल्या दवाखान्यांना पैसा मिळणार, तो कुणाला द्यायचा हे एक समिती ठरवणार, आणि समिती आधी एकेक ठिकाण डोळ्यांनी बघणार. बाईंच्या बाळंतपणाच्या खोलीला गळकं छप्पर आणि एकच लोखंडी खाट. पण ओढ्याच्या अलीकडच्या सगळ्या वस्त्यांना तेवढीच खोली होती.

“त्या दिवशी पेशंट ठेवू नकोस,” भाऊ फोनवर म्हणाला. “साहेब लोकांना रक्त बघवत नाही. एखाद्याला भोवळ आली, तर छप्पर राहिलं बाजूला.”

बाईंना यात नवल वाटलं नाही. पाहणी म्हणजे पाहुणे, आणि पाहुण्यांपुढे पसारा मांडायचा नाही, हे नोकरीभर असंच चालत आलेलं. दर पाहणीला त्या असलेली पेशंट मागे आपल्या स्वयंपाकघरात हलवायच्या, फरशी घासायच्या आणि ठेवणीतली चादर खाटेवर ताणून अंथरायच्या.

समिती आली, सोबत भाऊही. खोलीत डोकावली, चादरीचं कौतुक केलं, अंगणात चहा प्याली, गेली. कायदा पास झाल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा बाई बाजारात जाऊन छपरासाठी पत्रेसुद्धा बघून आल्या.

पत्र्यांच्या आधी ट्रक आला.

“मावशी, खाट कुठंय?” ड्रायव्हरने विचारलं. “वजनकाटा पण न्यायचाय. वापरात नसलेल्या खोल्या बंद. सगळं हायवेवरच्या मोठ्या केंद्रात.”

“वापरात नाही, असं कोण म्हणालं?”

“समिती. रिकामी होती म्हणे.”

बाईंनी भावाला फोन लावला.

“तू होतास ना इथं?”

“होतो.”

“मग तोंड का शिवलं होतंस?”

“ताई, हायवेवरचं आधीच ठरलं होतं. ती जमीन कुणाची, ते मला विचारू नकोस. पण इकडची खोली रिकामी दिसल्याशिवाय पैसा तिकडे वळत नव्हता.”

“आणि त्यासाठी तुला सख्खी बहीण सापडली.”

“दुसऱ्या कुणी माझं ऐकलं असतं?”

हे तो अगदी सरळ बोलला. बाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“तुझी बदली तिकडेच करून घेतलीय,” तो पुढे म्हणाला. “क्वार्टर आहे, नळाला पाणी आहे. किती दिवस त्या खुराड्यात राहणार? तुझाच विचार केला मी.”

“माझा केलास. कळा सुरू झालेल्या बाईने हायवेपर्यंत यायचं कसं?”

“गाडी मिळेल. कायद्यात तरतूद आहे.”

“ओढ्यावर पूल आहे का कायद्यात?”

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. “ताई, मीटिंग आहे,” तो म्हणाला.

खाट दारातून निघेना, म्हणून ड्रायव्हरने शेजारच्या सुताराला बोलावलं. त्याने चारही पाय सोडवले, एकावर एक रचले, आणि बाईंकडे न बघताच म्हणाला, “सुनेच्या तोंडात टॉवेल दिलात, आवाज करू नको म्हणालात. ते ह्याच्यासाठी?”

“छपरासाठी,” बाई म्हणाल्या.

सुताराने मान वर करून छपराकडे पाहिलं आणि पाना खिशात टाकला.

ड्रायव्हर चादरही उचलायला लागला. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. “ही माझी आहे,” म्हणाल्या, आणि जुन्याच रेघांवर तिची घडी घालत राहिल्या.

समिती अंगणात चहा पीत होती तेव्हा मागच्या स्वयंपाकघरात सुताराच्या सुनेला मुलगी झाली. ती रडली, तेव्हा भावाने पाहुण्यांना सांगितलं की ताईने मांजर पाळलंय.