भिंतीपलीकडची जागा

शमिकाने ती जागा आईलासुद्धा सांगितली नव्हती. संहिताअक्काला सांगितली.

बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या त्या बारा मजली सोसायटीत राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. त्याआधी ते बाबांच्या संशोधन संस्थेच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. तिथे दार उघडलं की अंगण आणि अंगणापलीकडे चिंचेच्या झाडांची रांग. इथे नवव्या मजल्याच्या बाल्कनीतून रिंगरोड दिसायचा आणि दिवसभर टँकरचे हॉर्न ऐकू यायचे. अकरा वर्षांच्या शमिकाच्या छातीत हल्ली अधूनमधून आवळल्यासारखं व्हायचं. स्कूलबस अर्धा तास एकाच जागी अडकली की व्हायचं, लिफ्टमध्ये दाटी झाली की व्हायचं, कधी काहीच नसताना व्हायचं. आईने, म्हणजे विद्याने, डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या चांगल्या आल्या आणि विषय तिथेच मिटला.

शमिकाने आपला उपाय आपणच शोधला. जनरेटर रूमच्या मागे कंपाउंडची भिंत एका ठिकाणी ढासळली होती. तिथून पलीकडे उतरलं की मल्लाप्पाची वाडी. मल्लाप्पा हा म्हातारा तिथे पालेभाज्या लावायचा. वाडीच्या कडेला करंजाचं मोठं झाड होतं. खेळायला जाते असं सांगून ती रोज संध्याकाळी त्याखाली जाऊन बसायची. पहिल्या दिवशी मल्लाप्पाने तिच्याकडे पाहिलं, "कूत्को," म्हणाला, हाताने बस अशी खूण केली आणि पुन्हा वाफ्यांकडे वळला. त्यानंतर त्याने तिला कधी काही विचारलं नाही. तिथे बसलं की हळूहळू श्वास मोकळा व्हायचा.

जूनमध्ये संहिता सोसायटीत आली. परिसराचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याचा ती अभ्यास करत होती. तिचं घर जयनगरचं, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी शब्द सहज यायचे. पण घराबाहेर आपल्याशी मराठीत बोलणारं मोठं माणूस शमिकाला इथे पहिल्यांदाच भेटलं होतं. मला अक्का म्हण, आणि अहोजाहो अजिबात नको, असं संहिताने पहिल्याच दिवशी बजावलं.

तिने मुलांना सोसायटीचे नकाशे काढायला लावले. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा रंग, जिथे नको वाटतं तिथे लाल. शमिकाने लिफ्ट, बेसमेंट, गेट, क्लबहाउस, सगळं लाल केलं आणि खडू खाली ठेवला. संहिता तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसली.

"हिरवं कुठेच नाही का गं?"

"आहे. पण तुला सांगितलं तर सोसायटीवाले ते बंद करतील."

"कागदावर तुझं नाव नसेल. आणि इथल्या कुणालाही तो दिसणार नाही. सरी? चालेल?"

शमिकाने थोडा वेळ विचार केला. मग भिंतीचं भगदाड काढलं, झाड काढलं, पागोट्यातला माणूस काढून खाली 'मल्लाप्पा' लिहिलं आणि सगळ्याभोवती हिरवा रंग भरला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी क्लबहाउसमध्ये संहिताने रहिवाशांसमोर अभ्यास मांडला. मुलांनाही बोलावलं होतं. चौथ्याच चित्राला पडद्यावर शमिकाचा नकाशा आला, भिंतीएवढा मोठा. कागदावर तिचं नाव नव्हतं, पण 'मल्लाप्पा' लिहिलेलं अक्षर शमिकाचं होतं. शेजारी बसलेल्या विद्याने एकदा पडद्याकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं.

संहिता मनापासून बोलत होती. अशी एखादी जागा मुलांना औषधासारखी असते, म्हणून इथे छोटं फाटक करून द्या, असं ती सांगत होती. पण भगदाडाच्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. सेक्रेटरी गुरुप्रसाद यांनी भिंत कधीपासून पडली आहे ते विचारलं. मग कुणीतरी विचारलं, हा माणूस कोण? पाच मिनिटांत भिंत बांधून काढायचा ठराव आला. शमिकाने मान वळवून पाहिलं. बाबांचाही हात वर होता.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं आणि मल्लाप्पा कधी जवळ आला होता का, कधी हात लावला होता का, असं हळू आवाजात विचारलं. तीनदा विचारलं. शमिका तिन्ही वेळा नाही म्हणाली. चार दिवसांत भिंत उभी राहिली, वर काचा लावल्या. वॉचमन पलीकडे जाऊन मल्लाप्पाला दम देऊन आल्याचं तिला मोलकरणीकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात संहिता घरी आली. विद्याने दोघींना आतल्या खोलीत बसवलं.

"मी चुकले, शमिका. मला वाटलं, चित्र पाहिलं की त्यांना कळेल."

"तुम्ही म्हणाला होतात, कुणाला दिसणार नाही."

त्या 'तुम्ही'ने संहिताचा चेहरा उतरला. "हो. म्हणाले होते."

"मला विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस," संहिता म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

ते खरं होतं हे शमिकाला कळलं, आणि ते खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. ती दप्तर उघडून गणिताची वही काढून बसली. संहिता थोड्या वेळाने उठून गेली. अहवालातून तो नकाशा काढून टाकल्याचं तिने नंतर विद्याला कळवलं. विद्याने ते लेकीला सांगितलं. शमिकाने मान हलवली.

शमिकाच्या छातीतलं दुखणं वाढलं. एकदा बसमध्ये तिला धाप लागली तेव्हा विद्या तिला दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासण्या सांगितल्या नाहीत, नुसतं विचारलं, बरं कुठे वाटतं? शमिका म्हणाली, माहीत नाही.

तेव्हापासून विद्या दर शनिवारी तिला स्कूटरवर घालून कुठे ना कुठे झाडं असतील तिथे न्यायची. एका शनिवारी लांबचा वळसा घेत ती सोसायटीच्या मागच्या रस्त्याने आली. डावीकडे भाजीचे वाफे होते आणि कडेला तेच करंजाचं मोठं झाड. वाफे सुकले होते. विद्याने स्कूटर थांबवली.

"हीच का गं ती जागा?" तिने विचारलं. "उतरूया? मी बसते तुझ्याबरोबर."

शमिकाने झाडाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"नाही," ती म्हणाली, "ही नाही."