गुणाकाराआधीची तपासणी

जालन्याच्या एका कॉलेजात देवानंद सर कॉम्प्युटर शिकवायचे. २००२ साली त्यांनी लॅबमध्ये फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता यायचं. पण त्या भानगडीत पडली ती एकटी बेबीनंदा. रोज भोकरदनहून एसटीनं येणारी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी.

एका दुपारी ती छापलेले कागद घेऊन सरांसमोर उभी राहिली.

"सर, इथं चूक हाय. प्रोग्राम जो आकडा देतो, त्याला कर्नल सोळानं गुणतं अन् तेवढी जागा देतं. आकडा लई मोठा असला तर गुणाकार त्याच्या बत्तीस बिटांच्या खान्यात मावत न्हाई, फिरून शून्याजवळ येतो. मंग जागा मिळते चिमूटभर अन् लिहिलं जातं ढीगभर, शेजारच्या मेमरीवर. असं करून कुणीबी साधा माणूस सगळ्या मशीनचा मालक होईल."

सरांनी कागदावर धड नजरही टाकली नाही. "जगातली मोठमोठी डोकी हे तपासून राह्यली. त्यांना दिसलं न्हाई अन् तुला दिसलं? सिलॅबसकडं बघ."

"कर्नल लिहिणाऱ्या लोकांना पत्र लिहिलंय. इंग्रजी तेवढं नीट करून देता?"

"ठेव तिथं."

पत्र तिथंच राहिलं. दिवाळीनंतर ती कॉलेजात आली नाही. सरांनीही चौकशी केली नाही.

मार्चात कर्नल लिहिणाऱ्यांकडून ई-मेलनं सुरक्षेची सूचना आली. तीच फाइल, तोच गुणाकार. शोधणारा परदेशातला कुणी. सरांनी कपाट उपसून पत्र काढलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण गुणण्याआधी आकडा कसा तपासायचा, ती ओळसुद्धा तिनं लिहून दिली होती. सूचनेतली दुरुस्तीही तीच. 

रविवारी सर भोकरदनला गेले. बेबीनंदा बाजार समितीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. तिनं स्टूल पुढं केलं. सरांनी छापून आणलेली सूचना तिनं उभ्याउभ्या वाचली.

"तुझं बराबर होतं," सर म्हणाले.

"मला वाटलं, आपल्यालाच कळत न्हाई. म्हणून कॉलेज सोडून देल्तं."

"परत ये. मी प्राचार्यांशी बोलतो."

"न्हाई सर." तिनं कागदाची घडी घातली. "तुम्ही तवा वाचून 'तुझं चुकलं' म्हणले असते, तरी चाललं असतं."



परतल्यावर सरांनी कर्नल लिहिणाऱ्या लोकांना सगळं कळवलं. दोन ओळींचे आभार आले. सूचनेत शोधणारा म्हणून नाव त्या परदेशी माणसाचंच राहिलं. ते उत्तर सरांनी छापून भोकरदनला पोस्टानं पाठवलं. तिच्याकडून काही आलं नाही.