बानाबाईनं निवडला चाकू

केरबाच्या घरात चाकू एकच होता, आणि तो केरबाच्या कंबरेला होता. पिशोरच्या पलीकडं माळावर आमची धनगरांची वस्ती. तिथं केरबाच्या चाकूएवढा मान कुणाच्याच चाकूला नव्हता. रझाकारीत ह्याच चाकूनं आपण तिघांना पळवून लावलं, असं तो सांगायचा. ऐकणाऱ्यांत रझाकार कुणी नसायचा, म्हणून खपून जायचं. धार म्हणाल तर तो कांदा चिरत नव्हता, चेचत होता.

त्याची बायको बानाबाई दिवसभर उन्हात मेंढरांमागं. खुरात काटा मोडला, पायात दोरी गुंतली, की तिनं नवऱ्याला हाका मारायच्या. नवरा सावलीतनं उठायचा, चाकू द्यायचा, तो कसा धरायचा ते शिकवायचा आणि लगेच परत मागून घ्यायचा. एकदा केरबा पारावर चाकूची गोष्ट सांगत बसला होता आणि इकडं करडाच्या गळ्याला फास बसला. बानाबाईनं दातांनी दोरी तोडली. करडू वाचलं, तिचा पुढचा दात गेला. संध्याकाळी केरबानं बघितलं आणि चांगली दोरी वाया गेली म्हणून लई हळहळला.

पुढच्याच बाजारी बानाबाईनं अंडी विकली, पैसे ओच्यात बांधले आणि मिटता चाकू घ्यायला निघाली. बाईमाणसाला चाकू कशाला, असं केरबानं विचारून बघितलं. मग आपल्यावाचून तिला कुणी फसवील, ह्या काळजीनं सोबत आला. वाटंत पुंजाराम भेटला. त्याला चाकूतलं काहीच कळत नव्हतं, म्हणून सल्ला द्यायला तोही आला.

चाकूवाल्यानं पोत्यावर माल मांडला होता. केरबानं हात घातला तो खटक्याच्या चाकूला. लांब पातं, मुठीवर मोराचं चित्र. खटका दाबला की फटकन उघडायचा. असा चाकू म्हंजी माणसाची इज्जत, असं पुंजारामानं सांगून टाकलं. बानाबाईनं तो कानाशी हलवला. पातं खुळखुळलं. तिनं तो ठेवला आणि लाकडी मुठीचा, आखूड पात्याचा उचलला. कामाच्या वक्ताला एका हातात शेळी असती. इथं शेळी नव्हती, म्हणून तिनं केरबाचं मनगट घट्ट धरलं, पात्याच्या खाचंला दात लावला आणि एका हातानं चाकू उघडला. भोवतालचा बाजार हसला, केरबा सोडून. मग तिनं पोत्याची सुतळी कापून बघितली.

चाकूवाला म्हणाला, "बाई, मालकाला निवडू द्या. ही बायांची जिन्नस नाय."

"मालक मला बापानं निवडून दिला," बानाबाई म्हणाली. "चाकू तरी मी निवडते."

मोराचा चाकू केरबानं सोताला घेतला. कुणीतरी जाणतं गिऱ्हाईक असल्याचं बाजाराला कळावं, एवढाच हेतू.

त्याच महिन्यातली गोष्ट. दुभती शेळी नाल्याच्या काठाला बाभळीशी बांधली होती. पाल्याच्या नादानं ती पुढं सरकली आणि दरडीवरून घसरली, ती गळ्यातल्या दाव्याला लटकली. दोघं नवरा-बायको धावले. केरबानं मोराचा चाकू काढून खटका दाबला. खटक्यात माती गेली होती. त्यानं फुंकर मारली, मांडीवर आपटला, शिव्या घातल्या. मोर काही पिसारा फुलवीना. तोवर बानाबाई दरडीखाली उतरली होती. तिनं खांदा देऊन शेळी वर उचलली, उरल्या दातांनी पातं ओढलं आणि दावं कापलं. दोघी खाली आदळल्या.

शेळी निपचित पडली. बानाबाई तिची छाती चोळत राहिली, "ऊठ गं माय, ऊठ" म्हणत राहिली. लई वेळानं शेळीनं कान हलवला. तवा कुठं बानाबाईला रडू आलं.

वरून केरबा म्हणाला, "माझा आता उघडतच होता."

"उघडू द्या," ती म्हणाली. "आम्ही घरी जातो."

पारावर केरबानं शेळी 'आम्ही' वाचवली म्हणून सांगितलं. पाणी आणायला निघालेल्या बायांनी ते ऐकलं आणि घागरी घेऊन पुढं गेल्या. पण पुढच्या बाजारी सरूबाई, आवडाबाई आणि वस्तीवरल्या आणखी दोघीजणी बानाबाईला पुढं घालून चाकूवाल्याकडं निघाल्या. त्यानं त्यांना लांबूनच बघितलं. मोराचे चाकू गुपचूप पोत्याखाली सारले, आणि कापून बघायला सुतळी सोताच पुढं केली.