भुऱ्याची जागा

मी एका जुन्या सतरंजीचा तुकडा आहे, मित्रांनो. आमची सतरंजी बारा वर्षे बैठकीच्या खोलीत अंथरलेली होती. मधोमध विरली तेव्हा आईने तिला कात्री लावली. धड निघाला तो कोपरा म्हणजे मी. मला दाराजवळ टाकले, भुऱ्यासाठी.

भुऱ्या हा घरचा कुत्रा. पिल्लू असताना तो अंगावर उडी मारायचा आणि सगळे हसायचे. पुढे तो कमरेएवढा झाला आणि त्याच उडीने पोस्टमन जिन्यात आपटला. बाबा म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, की हा काकाच्या गोदामात. साखळीला!"

मग ताईने शिकवणी सुरू केली. ती बाहेर जाऊन घंटा वाजवायची आणि आत येऊन म्हणायची, "जागेवर!" चारही पाय माझ्यावर टेकले तरच बिस्किटाचा तुकडा मिळे. दोन महिन्यांनी घंटा वाजताच भुऱ्या धावत येऊन माझ्यावर बसू लागला. अंग थरथरायचे, पण तो उठायचा नाही.

"पोरगी मास्तरीण होणार," बाबा म्हणाले.

"आधी तुम्हाला शिकवायला सांगते," आई म्हणाली. "तुमच्या चपला अजून जागेवर जात नाहीत."

एके दिवशी आत्या येणार होती. तिचे मांडीचे हाड नुकतेच जुळले होते. घर लख्ख झाले आणि आईची नजर माझ्यावर पडली. "हे लक्तर दारात? वन्सं नावं ठेवतील." तिने मला बाल्कनीच्या कठड्यावर टाकले. ताई शाळेत होती.

घंटा वाजली. भुऱ्या धावला. त्याने रिकामी फरशी हुंगली, दोन गिरक्या घेतल्या, आईकडे पाहिले. मी सारे बघत होतो, पण मला हाक मारता येत नव्हती.

दार उघडले आणि भुऱ्या थेट आत्याच्या अंगावर गेला. "अगं आई गं!" म्हणत ती खाली बसली. हाड शाबूत राहिले. बाबांनी मात्र काकाला फोन लावला.

ताई आली तेव्हा भुऱ्याला घेऊन काकाचा टेम्पो निघून गेला होता.

"सतरंजी कुठे होती?" तिने विचारले.

"सतरंजीचं काय घेऊन बसलीस!" बाबा म्हणाले. "विसरला तो सगळं."

आता मी पुन्हा दाराजवळ आहे. मित्रांनो, मुका जीव शिकवलेले विसरला असे म्हणण्याआधी, त्याच्या पायाखालून आपण काय काढून घेतले ते एकदा पाहा. तो विसरला नव्हता. मी पाहिले आहे. पण मी कोणाला सांगणार?