पोट सोडून उरलेली बाई

मी दुकानांच्या पाट्या रंगवते. सहावा महिना चालू असताना शिडीवरून पडले, ती नेमकी उजव्या हातावर. मनगट टम्म फुगलं आणि बोटं माझं ऐकेनात. तरी दवाखान्यात जो येईल तो माझ्या पोटाकडेच बघत होता. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, ठोके ऐकवले, बाळ अगदी मजेत आहे म्हणाल्या. नवऱ्याने हुश्श केलं आणि घरी जायला निघालासुद्धा.

"आणि हात?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्स-रे काढायला हवा; पोटावर जाड आवरण घालतात, बाळाला भीती नाही. झालं! नवऱ्याने नन्नाचा पाढा लावला. आधी बाळंतपण होऊ दे, हाताचं मग बघू, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात हाड वाकडं जुळलं तर मी ब्रश कसा धरणार, हे त्याच्या गावीही नव्हतं. वर मलाच शहाणपण शिकवतो, शिडीवर चढायला सांगितलं होतं कुणी? माझं डोकंच फिरलं. बाकावर फतकल मारून बसले आणि म्हटलं, फोटो काढल्याशिवाय इथून हलणार नाही. आई होणार म्हणजे मी काय बाळ ठेवायची पिशवी झाले?

तो आवाज खाली आणून म्हणाला, "उगाच तमाशा नको. माझ्या वेळी आईसुद्धा जिन्यावरून पडली होती. काय झालं तिला?"

सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सहसा बसत नाहीत. बसल्या की उठवायला माणूस लागतं. मला वाटलं, आता या लेकाचीच री ओढणार.

"काय झालं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी एकेक पायरी करत जिना चढते, ती काय हौस म्हणून? तेव्हाही सगळ्यांनी पोटच पाहिलं. तू धडधाकट निघालास, मग माझ्या कमरेचं कुणी विचारलंच नाही. बाजूला हो."

तो बाजूला झाला.

एक्स-रेची खोली वरच्या मजल्यावर होती. सासूबाई माझ्यापुढे चढू लागल्या. एक पाय टाकायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, मग जरा थांबायचं. मी म्हटलं, आई, तुम्ही खालीच थांबा, दुखेल.

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "तुझा हात झाला की फोटो काढणाऱ्या माणसाला सांग, माझ्या कमरेचाही काढ."